चोवीस दाणे

बदलापूरला पाच माणसांचं एक कुटुंब राहत होतं. आजी, तिचा मुलगा, सून, आठवीतली नात आणि तिसरीतला नातू. तळमजल्यावर दोन खोल्या, स्वयंपाकघर, दाराशी सिमेंटचा कट्टा आणि पलीकडे पावसाळ्यात हिरवे होणारे डोंगर. घर स्वतःचं होतं. मुलगा फोर्टमधल्या एका विमा कचेरीत कामाला, सून भांडुपच्या एका कारखान्यात हिशेबाच्या टेबलावर.

आजीचं अर्धं आयुष्य मात्र बदलापुरात गेलं नव्हतं. आजोबा लालबागच्या एका गिरणीत साच्यावर होते. 18 जानेवारी 1982 ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसं बाहेर पडली आणि त्यातली कितीतरी पुन्हा कधी खात्यात परतलीच नाहीत. आजोबाही परतले नाहीत. काही वर्षं किरकोळ कामं करून झाली, मग चाळीतली पागडीची खोली दुसऱ्याला देऊन आलेल्या पैशांत त्यांनी बदलापूरला जागा घेतली. त्या काळात गिरणगावातली अशी घरंच्या घरं उठून डोंबिवली, कल्याण, अंबरनाथला आणि पश्चिमेच्या लाइनवर नालासोपारा, विरारला गेली. काम मात्र सगळ्यांचं मुंबईतच राहिलं. देशातली पहिली प्रवासी गाडी 16 एप्रिल 1853 ला बोरीबंदरहून निघाली तेव्हा तिला ठाण्यापर्यंत, म्हणजे 34 किलोमीटर जायचं होतं आणि लोक ते नवल बघायला जमले होते. आजीचा मुलगा त्याच्या दुप्पट, 68 किलोमीटर रोज सकाळी जायचा आणि रोज रात्री यायचा. त्याचं नवल कोणालाच वाटत नव्हतं. त्यालाही नाही.

एका शनिवारी रात्री तो घरी आला तो खुशीत. कचेरीतल्या एका सहकाऱ्याच्या नात्यात लालबागला एक खोली भाड्याने मिळत होती. एकशे ऐंशी चौरस फूट, मोरी आत, संडास गॅलरीच्या टोकाला, सगळ्यांना मिळून. जेवतानाच त्याने सगळं मांडलं.

"दारातून निघालो की अर्ध्या तासात कचेरीत. आत्ता जायला दोन तास, यायला दोन तास. रोजचे तीन तास वाचतात. वर्षाचा हिशेब केला तर महिन्याहून जास्त होतो. वर्षातला एक अख्खा महिना मी गाडीत उभा असतो, कळतंय का कोणाला?"

आजीच्या हातातला घास हातातच राहिला. लालबाग म्हटल्यावर तिला भारतमाता सिनेमा आठवला, मिरच्या-मसाल्याच्या दुकानांवरून जाताना येणारा ठसका आठवला, गणपतीच्या दिवसांत रात्र रात्र न झोपणारा रस्ता आठवला. "नेशील मला?" तिने इतक्या लगबगीने विचारलं की सगळे तिच्याकडे बघत राहिले. तिच्या ओळखीची माणसं आता तिथे फारशी नव्हती, तिची चाळही पडून तिथे टॉवर उभा राहिला होता. तरी तिचा जीव तिथेच होता.

तिला मुलाच्या कचेरीजवळ राहायला जावंसं वाटण्याचं आणखीही एक कारण होतं. 26 जुलै 2005 ला मुंबईत आभाळ फाटलं, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, गाड्या जागच्या जागी थांबल्या आणि इकडे उल्हास नदी गावात शिरली. मुलगा दोन दिवस घरी आला नव्हता. फोन लागत नव्हता. ते दोन दिवस आजी कधीच विसरली नाही.

नातीला खोली नको होती. "मी अभ्यास कुठे करू? आणि माझी शाळा?" नातवाने विचारलं, तिथे सायकल कुठे चालवायची. मुलगा चिडला. "तुमच्यासाठीच करतोय सगळं," तो म्हणाला. ते खोटं नव्हतं. मोठ्या शहरात राहण्याची त्याची कारणं नुसती आळसाची नव्हती. केईएमसारखं रुग्णालय चालत जाण्याच्या अंतरावर, चांगली कॉलेजं जवळ, रात्री उशीर झाला तरी गाडी चुकायची भीती नाही.

"भाड्याचं काय?" सुनेने पहिल्यांदाच तोंड उघडलं.

"हे घर भाड्याने देऊ. तरी थोडे कमी पडतील. तू संध्याकाळी घरी बसून एकदोन दुकानांचे हिशेब लिहिलेस तर भागेल. तुझाही प्रवास कमी होईलच की."

सून उठली आणि ताटं गोळा करायला लागली.

मुलगा वाईट माणूस नव्हता, हे इथे सांगायला हवं. त्याला निर्व्यसनी, कष्टाळू म्हणून आळीत मान होता. पण घर कुठे असावं याचा विचार करताना आपण बहुतेक जण जे करतो तेच त्याने केलं होतं. त्याने स्वतःचा प्रवास मोजला होता. लोकलचा पास काही शे रुपयांत महिनाभर चालतो, त्यामुळे लांब राहणं स्वस्त वाटतं. त्याची खरी किंमत तासांत चुकवावी लागते आणि ते तास कोणाच्या खात्यातून जातात हे पासावर लिहिलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मेगाब्लॉक होता, त्यामुळे कोणी कुठे जाणार नव्हतं. आजीने गावाहून आलेल्या कडव्या वालांचा डबा खाली काढला. बिरड्यासाठी वाल भिजत घालायचे असतील म्हणून सुनेने पातेलं पुढे केलं. आजी म्हणाली, "पातेलं नको. परात आण. आणि सगळे इथे बसा."

तिने चोवीस दाणे मोजून मुलासमोर ठेवले आणि चोवीस सुनेसमोर.

"एक दाणा म्हणजे एक तास. रोजचा दिवस मांडा. झोप इथे, नोकरी इथे, गाडी इथे, घरकाम इथे, अंघोळ-जेवण इथे. उरेल ते आपलं."

"आई, हा काय पोरखेळ," मुलगा म्हणाला.

"मग पोरांना मोजू दे. तू नुसतं सांग."

नातवाला हे काम फार आवडलं. बाबांची झोप सात दाणे. कचेरी नऊ. गाडी चार. अंघोळ, चहा, जेवण मिळून दोन. घरकामाच्या जागेपाशी नातवाचा हात थांबला. त्याने बाबांकडे बघितलं, मग आजीकडे, मग ती जागा सोडून पुढे गेला. हातात दोन दाणे उरले. "हे बाबांचे. पेपर आणि मोबाइल."

"बघ," मुलगा आईला म्हणाला, "चोवीस तासांत दोन."

मग तोच थोडा थांबून म्हणाला, "तसं म्हटलं तर गाडीतला एखादा दाणाही माझा आहे. ग्रुप आहे आमचा. वीस वर्षं एकाच डब्यात जातो. दसऱ्याला डबा सजवतो, पूजा करतो. बाबा गेले तेव्हा कचेरीतले नंतर आले, गाडीतले आधी." असं प्रामाणिकपणे बोलणं सोपं नसतं. कालच त्याने तो सगळा वेळ वाया गेलेला म्हणून दाखवला होता.

सुनेचे दाणे मांडायला नात बसली.

"झोप?"

"अकराला पडते. साडेचारला उठते."

"साडेपाच. अर्धा कसा ठेवू?"

आजीने डब्यातून एक दाणा काढला, सोलून त्याच्या दोन डाळिंब्या केल्या आणि एक नातीच्या हातावर ठेवली. "हा घे अर्धा."

नोकरी साडेआठ. प्रवास तीन. भांडुपला बहुतेक फास्ट गाड्या थांबत नाहीत, ठाण्याला उतरून स्लो पकडायची, त्या पुलावरच्या गर्दीसकट. नात तीन दाणे गाडीच्या जागी ठेवायला गेली तर आई म्हणाली, "एक मिनिट. येताना गाडीत मी भाजी निवडते. मेथी, गवार, काय असेल ते. बसायला मिळालं नाही तर उभ्याने मटार सोलते. तो दाणा गाडीचा की घरकामाचा?"

कोणालाच उत्तर देता आलं नाही. शेवटी नातीने तो दाणा दोन्ही जागांच्या मधल्या रेषेवर ठेवला.

घरकाम साडेपाच. सकाळी डबे आणि नाश्ता, रात्री स्वयंपाक, भांडी, दप्तरं, उद्याची तयारी. अंघोळ आणि जेवण मिळून एक. नातीने परातीतलं सगळं पुन्हा मोजलं. तिच्या हातात एक डाळिंबी उरली होती.

"आई, तुझा अर्धा तास आहे."

"हो," सून म्हणाली, "त्यात तुझी वेणी घालते."

घरात कोणी काही बोललं नाही. आजीने मुलाकडे बघितलं नाही, परातीकडेच बघत ती म्हणाली, "आता लालबागला जाऊया."

मुलाने चारमधले तीन दाणे उचलून आपल्या ढिगात टाकले. त्याच्याकडे दोनाचे पाच झाले. सुनेचा प्रवास तीनाचा दोन झाला, कारण लालबागजवळच्या करी रोड स्टेशनहून भांडुप काही दारात नव्हतं. एक दाणा वाचला. मग आजीने, जिने अशाच चाळीत संसार केला होता, हिशेब पुढे नेला. पाणी येईल तेव्हा भरून ठेवायचं. संडासाला रांग. एकाच खोलीत मुलं झोपलेली असताना पहाटे गॅस पेटवायचा, म्हणजे सगळी कामं हळू हळू. "हा एक दाणा गेला," म्हणून तिने सुनेचा वाचलेला दाणा परत घरकामात टाकला. "आणि दुकानांचे हिशेब लिहायला किती वेळ लागेल ग?"

"रोज तासभर तरी."

तो तास कुठून आणायचा हे शोधायला लागले तर झोपेशिवाय जागाच नव्हती. नातीने साडेपाचातला एक दाणा उचलला आणि हातात धरून बसली, खाली ठेवेना.

मुलाने आपल्यासमोरच्या पाच दाण्यांकडे बघितलं. त्याला आपण कुठे चुकलो हे समजायला आणखी काही सांगावं लागलं नाही. पण घरात दोन मुलं बसलेली होती, म्हणून आजीने ते बोलून दाखवलं.

"घर कुठे घ्यायचं ते ज्याचे दाणे सगळ्यात कमी उरतात त्याच्या पायापासून मोजावं. ज्याचा आवाज मोठा त्याच्यापासून नव्हे. आणि ज्याचा पगार मोठा त्याच्यापासूनही नव्हे."

"पण आजी, तुला तर लालबागला जायचंय," नात म्हणाली.

"जायचंय ना. मन भरून जायचंय. माझी हौस भागावी म्हणून तुझ्या आईने साडेचार तास झोपायचं, असं मात्र नाही."

तोवर नातवाने आपल्यासाठी स्वतःच चोवीस दाणे मोजून घेतले होते. त्याच्या ढिगात खेळाचे दाणे बख्खळ होते. त्यातला एक उचलून त्याने आईच्या डाळिंबीशेजारी ठेवला. "हा तुला."

आजीने तो परत त्याच्या हातात दिला. "असा देता येत नाही रे. तू तिचं एखादं काम उचललंस तर तो आपोआप तिच्याकडे जातो. नाहीतर नुसता वाल आहे तो."

नातू विचारात पडला. "मी पाण्याच्या बाटल्या भरेन. आणि डबे धुवायला टाकेन. माझा आणि ताईचा."

नातीने आपली वेणी आपण घालायचं कबूल केलं. मुलाने घसा खाकरला. रात्रीची भांडी आणि सकाळच्या पोळ्यांची कणीक, एवढं तो म्हणाला. पोळ्या लाटता येत नव्हत्या, त्या शिकेन म्हणाला. सुनेच्या घरकामातून दीड दाणा निघून डाळिंबीशेजारी आला. अजून एकही वस्तू हलली नव्हती, एक रुपया भाडं कुठे गेलं नव्हतं. मला या कथेतली ही जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते. घर आणि नोकरी यांच्यातलं अंतर कमी करायच्या आधी घरातल्या घरात जे अंतर असतं ते कमी करता येतं, आणि त्याला दलाल लागत नाही.

पण तेवढ्याने प्रश्न संपला नाही, संपला असं म्हणणं खोटं होईल. कामं वाटून घेतली तरी तीन तासांची गाडी तशीच होती. मुलाचे चार तास तसेच होते. महिनाभर त्यांनी तसंच रेटलं. त्या महिन्यात मुलाला एक गोष्ट कळली. रात्री आठला दमून आल्यावर भांडी घासणं किती जड जातं ते. बायको सातच्या आत घरी येऊन तेच इतकी वर्षं करत होती आणि तिलाही गाडीचा तेवढाच शीण असायचा.

मग त्यांनी पुन्हा परात घेतली. या वेळी मुलानेच विषय काढला. सुनेच्या पायापासून मोजायचं ठरल्यावर नकाशा बदलला. लालबाग राहिलं बाजूला, बोटं भांडुपवर थांबली. कारखान्यापासून वीस मिनिटं चालत, जुन्या इमारतीत, एक खोली आणि स्वयंपाकघर. भाडं लालबागच्या त्या खोलीपेक्षा कमी, जागा जास्त, संडास घरात. तिसरा मजला, लिफ्ट नाही.

दाणे असे पडले. सुनेचा प्रवास तीनावरून एकाच्याही आत. मुलाला सीएसएमटीपर्यंत स्लो गाडी, सगळं धरून सव्वा तास जायला, सव्वा यायला. चाराचे अडीच. त्याच्या मनातल्या तीनऐवजी दीडच दाणा त्याला मिळत होता. त्याने तो दीड दाणा हातात घेतला आणि म्हणाला, "पुरे आहे."

गमावायचंही होतं. त्याची वीस वर्षांची गाडी सुटणार होती, तो डबा, तो दसरा. नातीची शाळा सुटणार होती, म्हणून सगळं मेपर्यंत थांबवायचं ठरलं. नातवाची सायकल भांडुपच्या त्या गल्लीत चालणार नव्हती. डोंगर दिसणार नव्हते. बदलापूरच्या दाराशी कट्टा होता, त्यावर आजीच्या चार मैत्रिणी रोज संध्याकाळी यायच्या. आजीला लालबाग मिळालं नाही आणि कट्टाही गेला.

"आजी, तुझे दाणे मांडूया ना," नात म्हणाली होती.

"म्हातारीचे कसले दाणे मोजायचे? सगळे माझेच तर आहेत," असं म्हणून तिने वाल डब्यात भरून ठेवले.

"तिसरा मजला आहे, आई," सून म्हणाली होती. "तुम्हाला जमेल का?"

"चढेन मी हळूहळू."

मे महिन्यात टेम्पो भरला. अकरा महिन्यांचा करार, अनामत रक्कम, दलालाचं एक महिन्याचं भाडं, सगळं रीतसर झालं. बदलापूरचं घर एका नव्या जोडप्याला भाड्याने दिलं. पहिल्या आठवड्यात सून रोज सकाळी साडेचारलाच जागी व्हायची, सवयीने, आणि अंधारात पडून राहायची. मग सहापर्यंत झोप लागायला लागली. संध्याकाळी सहाच्या आत ती घरी असायची. तिने कारखान्यातल्या एका मैत्रिणीबरोबर पेटी शिकायला सुरुवात केली, लग्नाआधी तिचं ते अर्धवट राहिलं होतं. मुलाच्या पोळ्या गोल व्हायला सहा महिने लागले. त्याला नव्या गाडीत नवा ग्रुप मिळाला नाही. जुन्या ग्रुपच्या आठवणीने तो कधीकधी हळहळायचा, आणि दसऱ्याला मुद्दाम पहाटे बदलापूरला जाऊन त्याच जुन्या डब्यातून कचेरीला यायचा.

करार एकदा वाढला, पुन्हा वाढला. भाडंही वाढलं. दोन वर्षं झाली. नात दहावी झाली आणि तिला माटुंग्याच्या कॉलेजात प्रवेश मिळाला. मालकाला आता जागा हवी होती. पुन्हा घर शोधायची वेळ आली. मुलाने तीनचार जागा बघून ठेवल्या. कुर्ल्याला एक होती, तिथून त्याला आणि मुलीला दोघांना जवळ पडत होतं. सुनेला अर्धा तास जास्त. सुनेची काही हरकत नव्हती, तिच्याकडे आता दाणे होते.

परात घेऊन नात बसली. आईचे मांडले, बाबांचे मांडले, आपले, भावाचे. मग आजीला काही न विचारता तिने आणखी चोवीस दाणे मोजले.

"आजी, झोप किती?"

"माझं काय मध्येच?"

"सांग ना."

झोप पाच. देवपूजा एक. भाजी निवडणं, लसूण सोलणं, कपड्यांच्या घड्या, तीन. जेवण, अंघोळ दोन. टीव्ही तीन. दुपारचं पडणं दोन. सोळा झाले. उरले आठ.

"हे आठ?"

आजी काही बोलेना. नातूच म्हणाला, "आजी खिडकीशी बसते."

"आणि खाली कितीदा जातेस?" नातीने विचारलं.

"गुडघे धरतात ग. चढताना."

"शेवटची कधी गेलीस?"

आजीला सांगता येईना. सुनेने आठवून बघितलं, मुलाने आठवून बघितलं. संक्रांतीला हळदीकुंकवाला गेल्या होत्या, सून म्हणाली. आता जून होता.

नातीने परातीत 'बाहेर' अशी एक नवी जागा बोटाने आखली. आजीच्या ओळीत ती रिकामी होती. बाकी चौघांच्या ओळीत नव्हती. रोज सकाळी चारही माणसं त्या तीन मजल्यांवरून खाली धावत होती आणि संध्याकाळी वर येत होती, त्यामुळे ते अंतर कोणाच्या हिशेबात कधी आलंच नव्हतं. गाडी, पूल, रिक्षा, चालणं, सगळं मोजलं होतं. जिने मोजले नव्हते.

"ज्याचे दाणे कमी त्याच्या पायापासून," नात म्हणाली. "तूच सांगितलंस."

"माझ्याकडे आठ उरलेत की."

"ते उरलेले नाहीत आजी, ते अडकलेले आहेत."

मुलगा उठून गॅलरीत गेला आणि थोड्या वेळाने परत येऊन त्याने कुर्ल्याच्या जागेचा कागद बाजूला ठेवला. तिथे दुसरा मजला होता आणि तिथेही लिफ्ट नव्हती.

पुढचे तीन आठवडे शोधाशोध झाली. तळमजल्याच्या जागा होत्या, पण बऱ्याच ठिकाणी पावसात पाणी शिरायचं. शेवटी भांडुपलाच, स्टेशनपासून जरा लांब, एका इमारतीत पाचव्या मजल्यावर जागा मिळाली. लिफ्ट होती, आणि खाली आवारात चार बाकं होती. भाडं परवडेल त्याहून थोडं जास्त होतं. त्यासाठी मुलाने त्या वर्षीची दिवाळीची खरेदी रद्द केली आणि सुनेने पेटीचा क्लास आठवड्यातून दोनाऐवजी एक दिवस केला. हे त्यांनी कोणाला त्याग म्हणून सांगितलं नाही. सुनेला कारखाना आता पस्तीस मिनिटं झाला. मुलाला आणि नातीला स्टेशनपर्यंत शेअर रिक्षा करावी लागते, दोघं सकाळी एकत्रच निघतात.

आजी पहिल्याच संध्याकाळी एकटी खाली गेली. तासाभराने वर आली ती मेथीच्या दोन जुड्या घेऊन, आणि भाजीवाल्याने बदलापूरच्या दुप्पट भाव लावला म्हणून रात्री जेवणापर्यंत तावातावाने बोलत होती.